पत्रे उतरवलेली खोली

आमच्या बोईसरच्या घरामागे सासऱ्यांनी सहा खोल्यांची चाळ बांधली होती. तारापूरचे कारखाने वाढत होते, कामाला आलेल्या माणसांना राहायला जागा मिळत नव्हती. भातशेतीपेक्षा खोल्या परवडतात, असं सासरे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या खोल्या सांभाळायच्या कुणी? मी लग्न होऊन आले आणि तो प्रश्न परस्पर सुटला. नवरा पाळीवर जायचा. सासरे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "माझी चाळ" दाखवायचे. कुणाची मोरी तुंबली, विहिरीचा पंप बंद पडला, दोन बायका पाण्यावरून भांडल्या, की हाक मला. गणपतीआधी चुना लावून घ्यायचा तोही मीच.

शेवटच्या खोलीत एडवणचं एक जोडपं दोन मुलींना घेऊन राहायचं. बाई बाजारात मच्छी विकायची, नवरा रसायनांच्या एका कारखान्यात होता. एके दिवशी तिथे त्याच्या पाठीवर आणि हातावर अ‍ॅसिड उडालं. दवाखान्यातून तो पालथा झोपूनच घरी आला. कारखान्याने पुन्हा विचारलं नाही. बाई मात्र बाजार करत राहिली आणि भाडं तिने एकदाही थकवलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांना भलतंच सांगितलं गेलं.

त्या उन्हाळ्यात एक ठेकेदार आला. त्याला त्याच्या कामगारांसाठी सगळी चाळ एकदम हवी होती. बाकीचे भाडेकरू कुरकुरत का होईना, निघाले. ही बाई ओट्याखाली उभी राहून सासऱ्यांना म्हणाली, "त्याची पाठ भरू द्या, शेट. मग आमी एक दिवस नाय राहणार." सासरे म्हणाले, "बरं, बरं. घाई कुठे आहे?" मी शेजारीच तांदूळ निवडत होते. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या माहेरी, चिंचणीला पूजा होती. मी सकाळच्या एसटीने गेले, संध्याकाळी यायची ती दुपारीच परतले. मागच्या दारी आले तर त्या खोलीवर छप्पर नव्हतं. सिमेंटचे पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले. वर वैशाखाचं ऊन, आणि खाली तो माणूस उघड्या पाठीने पालथा पडलेला. बायकोने त्याच्यावर लुगडं बांधलं होतं, ते वाऱ्याने सुटत होतं आणि मुली टोकं धरून उभ्या होत्या.

पत्रे उतरवणाऱ्या कामगारांवर मी ओरडले, "पत्रे परत चढवा!"

"सेठ ने मना किया है," एक जण म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तशीच ओट्यावर गेले. सासरे सुपारी कातरत होते.

"मामंजी, हे काय केलंत?"

"दुरुस्ती काढलीय."

"कसली दुरुस्ती? ती खोली मागच्या पावसात एक थेंब गळली नाही. मी बघितलंय."

"सूनबाई, तुला यातलं काय कळतं?"

इतकी वर्षं त्या चाळीची घाण मी उपसत होते आणि मला काय कळतं! मी ओट्यावरून उतरले. परत गेले, बाईने आणि मी मिळून त्या माणसाला उठवलं आणि माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर आणून झोपवलं. सासूबाई दारात आडव्या आल्या. "बाजूला व्हा," मी म्हटलं, आणि त्या झाल्या. नवरा पाळीवरून आला, सगळं बघितलं आणि म्हणाला, "बाबांच्या तोंडी लागू नकोस." मला वाटतं, सासऱ्यांपेक्षा त्या वाक्याचा राग मला जास्त आला.

सकाळी बाईचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मी तिला म्हटलं, "राहा, मी बघते कोण काढतं."

"वयनी, तुमी बऱ्या हाय," ती म्हणाली, "पण घर तुमचं नाय."

टेम्पो गेला आणि मी चाळीच्या किल्ल्या सासऱ्यांपुढे आपटल्या. "आजपासून तुमची चाळ तुम्ही बघा."

त्यांना ते जमलं नाही. ठेकेदाराने एकेका खोलीत माणसं कोंबली, संडासाची टाकी अंगणात वाहायला लागली. सासरे नाकाला उपरणं लावून हाका मारत राहिले. मी उठले नाही.

पुढच्या वर्षी मी एडवणला गेले. त्याची पाठ भरली होती, हात मात्र कोपरात सरळ होत नव्हता. बायकोने चटई टाकली, चहा केला. ती चार शब्द सुनावेल म्हणून मी तयारीने गेले होते. तिने विचारलं, "शेट कसे हायत?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

ते खरोखरच बरे होते. दोन्ही वेळ जेवत होते, गाढ झोपत होते. परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तेवढंच घुमत होतं.