पाळीवरचं दार

“म्हशी अडवायला केलंय म्हनं. म्हशी तर खालच्या चारीतून जायल्यात.”

माझ्या मागं उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी हे म्हणालं आणि दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. मी वळून बघितलं नाही. माझ्या हातात फाइल होती. समोर मुख्य सरकारी कार्यालयातून आलेले मोठे साहेब कालव्याच्या पाळीवर बसवलेल्या नव्या लोखंडी दारातून जाऊन बघत होते. दार म्हणजे दोन्ही बाजूंनी पुढे आलेल्या नळ्या. त्यांच्यामधून माणसानं आधी डावीकडे, मग उजवीकडे वळून जायचं. मोटारसायकल जाणार नाही, जनावर जाणार नाही. साहेब एकदा गेले, परत आले आणि ठीक आहे म्हणाले.

बायकांनी डोक्यावरचे गवताचे भारे खाली ठेवले होते. ते त्या दारातून जात नव्हते आणि त्यासाठीच त्या आल्या होत्या. त्यांच्यातली पन्नाशीची एक बाई पुढं होती. तिच्या दोन म्हशी गावात आणि वैरण कालव्यापलीकडं. दार राहिलं तर एक म्हैस विकावी लागंल, असं तिनं आल्या-आल्या शांतपणे सांगितलं होतं. साहेबांनी मान हलवली होती. मी फाइलकडे बघत राहिले होते, कारण ती बाई मला ओळखत होती.

परभणीतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत मी वर्षभरापूर्वी लागले. नकाशे काढायला घेतलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांना कळलं की मी इंग्रजी शाळेतली आहे. तेव्हापासून इंग्रजीत आलेला प्रत्येक कागद माझ्या टेबलावर यायला लागला. शहराबाहेर कालव्याच्या पाळीवर लोकांना फिरण्यासाठी वाट करायचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा वाटांचे वर्ग कसे पाडायचे आणि कोणत्या वर्गाला काय माप द्यायचं, याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सरांनी कुठून तरी छापून आणलं. त्यात बर्फावरून जाणाऱ्या वाटा होत्या, घोड्यांच्या वाटा होत्या. घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं लागू नये म्हणून झाडाची फांदी किती उंचीवर तोडावी, हेसुद्धा होतं. बाईच्या डोक्यावर भारा असेल तर काय, हे त्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याकडे घोडे होते.

मी ते पुस्तक मराठीत आणलं. वाटेचे पाच वर्ग, प्रत्येकाची रुंदी, चढ, खालचा मुरूम की फरशी, किती अंतरावर बाक, पाटी कशी. कालव्याच्या ज्या बांधाला गावातले लोक नुसती पाळी म्हणत होते त्याला मी ‘विहार मार्ग’ केलं. सरांना तो शब्द फार आवडला. त्यांनी तो ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला आणि मी लाजून पाण्याची बाटली भरायला उठले. मला खूप बरं वाटलं होतं, हे इथं लिहून टाकते.

वर्ग ठरवायचा तर आधी वाट कोण वापरतं ते मोजावं लागतं. म्हणून मी तीन सकाळी कालव्याच्या पुलाच्या कठड्यावर फॉर्म घेऊन बसले. फॉर्मवर चार रकाने होते. चालणारे, पळणारे, सायकलवाले आणि इतर. उजाडता उजाडता बूट घातलेले लोक यायचे. निवृत्त मास्तर, दवाखान्यातले डॉक्टर, कानात वायर घातलेल्या दोन मुली. ते मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. थोड्या वेळानं पलीकडून भारे घेतलेल्या बायका यायच्या. त्या काही म्हणायच्या नाहीत, तिरक्या नजरेनं बघून पुढं जायच्या. त्यांना मी ‘इतर’मध्ये रेघा मारून लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी ती पन्नाशीची बाई पायातला काटा काढायला माझ्याजवळ थांबली. काट्यासाठी तिला भारा उतरवावा लागला. काटा निघाला, मग ती सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, “ओ मॅडम, जरा उचलू लागा की.”

भारा खाली ठेवणं एकटीला जमतं. परत डोक्यावर घेणं जमत नाही. दुसऱ्या कुणीतरी हात लावावाच लागतो, आणि वाटेत जो दिसेल त्याला सांगायचं, त्यानं लावायचा, ओळख असो नसो. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ज्या मुलींना उचलायला लागू नये म्हणून इंग्रजी शाळेत घातलं जातं, त्यातली मी एक. मी फॉर्म दगडाखाली ठेवला आणि भाऱ्याखाली हात घातले. तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. दवानं ओला होता, माझा कुर्ता पुढून भिजला. तिनं डोक्यावर चुंबळ नीट केली, मला गुडघ्याचा टेका द्यायला सांगितलं आणि एका दमात तो वर घेतला. मग भाऱ्याखालून म्हणाली, “कवा उचलला न्हाई वाटतं.”

मी नुसती हसले. मला बोलताना नेहमी दोन वाक्यं उशीर होतो. तोवर ती पुढं गेली होती.

ऑफिसात सरांनी फॉर्म बघितले. ‘इतर’मध्ये रेघांचे एवढे गठ्ठे बघून त्यांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, मला दुपारी डब्यातली भाकरी देतात. त्यांनी मला समजावून सांगितलं की ‘इतर’मध्ये इतके लोक धरले तर वाट वरच्या वर्गात जाते, मग रुंदी वाढते, दार मोठं करावं लागतं, सगळा आराखडा परत करायचा आणि वरून मंजुरी परत आणायची. शिवाय ही योजना फिरायला येणाऱ्यांसाठी आहे.

“ह्या बाया फिरायला येतात का? तूच सांग.”

“नो सर,” मी म्हणाले.

ते खरंच होतं. त्या फिरायला येत नव्हत्या. सरांनी मला तीनही फॉर्म नव्यानं लिहायला दिले, कारण ऑफिसात सगळ्यात चांगलं अक्षर माझं. मी निळ्या पेनानं, पट्टी धरून लिहिले. ‘इतर’च्या रकान्यात तिन्ही दिवस ‘निरंक’ लिहिलं, म्हणजे कुणीच नाही. शब्द सुंदर आला होता. नंतर त्या कामाबद्दल माझं कौतुक झालं आणि मी घरी पेढे नेले. आईनं विचारलं, कशाचे. मी म्हणाले, एका वाटेचे.

वाट झाली. पाळीवर मुरूम दाबला, बाक आले, दोन्ही टोकांना दारं बसली आणि माझा ‘विहार मार्ग’ हिरव्या पाटीवर गेला. महिन्याभरानं मी एका सकाळी मुद्दाम स्कूटी घेऊन बघायला गेले. आपण केलेली पहिली गोष्ट बघावीशी वाटते. ती बाई दाराशी उभी होती. भारा जमिनीवर. तो तिनं नळ्यांवरून ढकलून अलीकडं टाकला होता, आणि आता उचलू लागायला कुणी येण्याची वाट बघत होती. कानात वायर घातलेली एक मुलगी तिच्या बाजूनं गेली. मग एक जोडपं गेलं, त्यातल्या बाईंनी तिला बघून “सरका जरा” म्हटलं. ती सरकली. मी झाडाखाली स्कूटीवर बसून होते. दहा मिनिटं असतील. मी उतरले नाही. उतरले असते तर ती बोलली असती आणि मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. शेवटी तिनं भारा सोडला, निम्मं गवत कडेला ठेवलं आणि निम्म्याची लहान पेंडी बांधून स्वतःच डोक्यावर घेतली. उरलेल्यासाठी ती परत येणार होती. मी तिच्या आधी तिथून निघाले.

नंतर कळलं की बाकीच्या बायका आता हायवेच्या कडेनं जातात. उसाच्या ट्रका बाजूनं जातात तेव्हा भाऱ्याला धक्का बसतो, म्हणून त्या डांबर सोडून काट्यांतून चालतात. त्यांनी अर्ज दिला, आणि त्या अर्जावर ही पाहणी ठरली होती.

साहेब दारातून परत येऊन माझ्यासमोर थांबले आणि फाइल मागितली. मी दिली. त्यांनी पानं उलटली, माझं अक्षर वाचलं, आणि बायकांकडे बघून सौम्यपणे म्हणाले, “इथं तर भारे घेऊन कुणी येत असल्याची नोंद नाही. तुम्ही वाट चांगली झाल्यावर यायला लागलात का?”

ती पन्नाशीची बाई म्हणाली, “सायेब, माझी सासू बी ह्याच पाळीनं यायची.”

“तसं असतं तर नोंदीत आलं असतं ना, मावशी.” त्यांनी फाइल मिटली. नोंद बदलल्याशिवाय वर्ग बदलत नाही आणि वर्ग बदलल्याशिवाय दार बदलत नाही, आपल्या हातात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. बाजूला उभे असलेले आमचे सर पटकन पुढं झाले. मोजणी आमच्या मॅडमनी जातीनं बसून केली आहे, तीन दिवस, त्यात चूक निघायची नाही, असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यामागं हात नेऊन मला थोडं पुढं केलं.

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी पुलावर मोजायला बसलेली तिनं पाहिली होती, भिजलेला कुर्ताही आठवत असेल. तिनं नजर वळवली आणि चुंबळ उचलून हातात घेतली, म्हणजे आता जायचं. साहेबही गाडीकडं वळले होते. सगळ्यांची सुटका होत होती, माझी सगळ्यात आधी.

“साहेब,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मला परत म्हणावं लागलं. “साहेब, भारे रोज इथूनच जात होते. मी तीनही दिवस मोजले होते. सरांनी विचारलं तेव्हा मी त्या फिरायला येत नाहीत म्हणाले, आणि तो ‘निरंक’ मी लिहिलाय.”