शामलाबाईंना न येणारी अरबी

आखातातल्या सबाह अल-सालेम वस्तीत, यूसुफच्या घरी शामलाबाई त्याच्या म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करत. बाई संगमनेरच्या, शिकलेल्या नर्स. आल्या आल्याच अबू हलीफा भागात आधीपासून कामाला असलेल्या कुसुमताईंनी कानमंत्र दिला होता, "अरबी शिक गं, पण कळतं असं दाखवू नकोस. नाहीतर घरभर राबवतील." बाईंनी तो असा पाळला, की चार वर्षं घरचे लोक त्यांच्यासमोर कपाटासमोर बोलावं तसे बोलत. गुपित ठाऊक होतं ते फक्त म्हातारीला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात अमिरांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, संसद बरखास्त केली. पंतप्रधान नेमणार अमीर. लोकांनी निवडायचे ते खासदार. पण हेच खासदार मंत्र्यांना भर सभेत उभं-आडवं घेतात, म्हणून खुर्चीला भाव. यूसुफ उभा राहिला. अंगणात तंबू, तंबूत एसी, रोज अख्खा बकरा. आणि यंदा पहिल्यांदाच बायकांना मत! आदल्याच वर्षी दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, याच यूसुफनं "उद्या उंटही मत देतील" म्हणून हशा पिकवला होता. भिंतीपलीकडे म्हातारी जपमाळ ओढत होती.

बायकांचं केंद्र शाळेत होतं. चाकाची खुर्ची बाईंनीच ढकलली. ज्याला लिहिता येत नाही त्यानं केंद्रावर बसलेल्या न्यायाधीशाच्या कानात नाव सांगायचं. एका मतदाराला दोन नावं देता येतात. म्हातारी या वर्षभरात बहिरी झालेली, तेव्हा तिची कुजबुजही खणखणीत. तिनं दोन नावं घेतली. दोन्हींत पोटचा पोरगा नाही.

बाईंनी ते ऐकलं आणि खुर्ची घाईनं दाराकडे वळवली. त्यांचा इकामा, म्हणजे देशात राहायचा परवाना, त्याच पोराच्या नावावर होता.

यूसुफ पडला. दुसऱ्या दिवशी बाहेर तंबू उतरत असताना तो चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघरात आला.

"सिस्टर, मम्मा किसका नाम बोला?"

"बाबा, अरबी नहीं मालूम."

त्यानं मान डोलावली. मग जाता जाता, आवाज न चढवता, अरबीत म्हणाला, "पायाशी विंचू आहे."

बाई टुणकन मागे उडाल्या. फरशी लख्ख.

यूसुफ हसला असता तर बरं झालं असतं. "चार साल," एवढंच म्हणाला. मग अरबीत, "कुणाचं नाव?"

"तुमचंच," बाई अरबीत म्हणाल्या. उच्चार अगदी चोख.

त्यानं पेला स्वतः विसळून ठेवला. असं कधी घडलं नव्हतं. मग भावांना घेऊन तो आईच्या खोलीत शिरला.

औषधाचा ट्रे घेऊन बाई दारापाशी आल्या, तसे आतले आवाज एकदम खाली गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. एकदा 'शामला' ऐकू आलं, पुढचं नाही. मग आतून कडी लागली.