कशावरून?

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा मला जरा धाकच वाटतो. ज्ञानमीमांसेच्या पहिल्याच तासाला त्या मुलांना सांगतात, "एखादी गोष्ट खरी निघाली, म्हणजे ती तुम्हाला माहीत होती असं नाही." स्टाफरूममध्ये मी नुसतं "आज मासळी ताजी आलीय" म्हटलं, तरी चहा फुंकत विचारतात, "कशावरून?"

गेल्या वर्षी वादळ होऊन गेलं, तरी त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची बोट परतली नव्हती. आम्ही काही जण जेटीवर गेलो. "येतील गो, काळजी करू नको," जो तो तिला सांगत होता. मीही सांगितलं. ती मान फिरवून घ्यायची.

बाई तिच्या पायाशी खाली बसल्या. "येतील की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण कळेपर्यंत मी इथून उठत नाही."

एवढं खरं बोलायचं बळ आमच्यात कोणातच नव्हतं. सकाळपासून उभी असलेली ती पोर त्यांना टेकून बसली.

दुपार कलताना बोट आली. वडील सुखरूप उतरले. मी म्हणालो, "बघा, मी म्हटलं नव्हतं, येतील म्हणून?"

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि भरल्या आवाजात विचारलं, "कशावरून?"