एका लायब्ररीमागे उठलेलं वऱ्हाड

लेकरांनो, रविवारी मी व्हिडिओ कॉलवर का नव्हते, हे आजोबांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहिते.

कॉलचा नवा प्रोग्राम माझ्या संगणकाच्या लिनक्स प्रणालीवर बसेना, कारण एक जुनी लायब्ररी, म्हणजे बरेच प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड, आड येत होती. मी ती काढायला लागले. "हिच्यासोबत हिच्यावर अवलंबून असलेली आणखी पॅकेजेस जातील, चालेल?" असं संगणकाने सभ्य इंग्रजीत विचारलं. मला पसारा आवडत नाही, म्हणून हो म्हटलं. पडद्यावर सगळं दाखवणारे प्रोग्रामही त्यांच्यासोबत गेले आणि पडदा काळा झाला. तुमचे लहानपणीचे फोटो त्याच संगणकात होते.

आजोबा म्हणाले, "एका सोयऱ्याला पंगतीतून उठवलंस, आता सारं वऱ्हाड चाललं. काहून बसून राहिलीस? जा, समजूत घाल."

काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं तेवढी उमटत होती; तिथेच मी आज्ञा टाइप करून गेलेल्या सगळ्या पॅकेजेसना परत बोलावलं. जुनी लायब्ररीही आली, त्यामुळे कॉल अजून बंद आहे. फोटो सगळे शाबूत आहेत.