चिंगीला हिंदी समजत नाही

मंडळी, आज सकाळी आमच्या चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. चिंगी म्हणजे माझी मांजर. तिला रात्रीपासून उपाशी ठेवायचं होतं, म्हणून मीही जेवले नाही. तिच्यासमोर एकटीनं घास कसा उतरणार?

ऑपरेशन नीट झालं, पण तास उलटला तरी बाई डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, "घबराइए मत आंटीजी, आवाज़ दीजिए."

तिथल्या भैयानं हाक मारली, "चिंगी, उठो बेटा!" ती हललीसुद्धा नाही. मीही हिंदीतच हाका मारत बसले. जबलपुरात जन्म गेला. घराबाहेर पडलं की तोंडी हिंदीच येते.

शेवटी न राहवून तिच्या कानाशी वाकले. "काहून निजून राहिली गं? चल, घरी जाऊ."

कान हलला. मग शेपटी.

डॉक्टर हसले, "अच्छा, ये तो मराठी समझती है!"

मीही हसले. ऑटोत मात्र रडू आवरेना. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. मुलगा हैदराबादहून फोन करतो, तोही हिंदीत. नातीला मराठी कळतच नाही. घरात माझं मराठी ऐकणारी ही एकटीच उरली, हे मला आज दवाखान्यात कळलं.

ऑपरेशन केल्याचं वाईट वाटत नाही. रस्त्यावरच्या पिल्लांचे हाल मी बघितलेत. आता ती मांडीवर पडली आहे आणि मी ही पोस्ट तिला वाचून दाखवतेय.

खरं सांगा, आज तुम्ही घरात मराठीत कोणाशी बोललात?