पानी गप हाय

आमच्या समितीचं दप्तर म्हणजे एक पत्र्याची पेटी. तिच्यात कागद अगदीच बेताचे. किस्से म्हणाल, तर ते पेटीत मावले नसते! कामाचं सगळं विसरायला झालंय, आणि नको ते लख्ख आठवतंय. तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो.

समिती कसली, तर पस्तीस साली बलुचिस्तानातल्या क्वेट्ट्याच्या मोठ्या भूकंपात आईबाप गमावलेल्या सात मुलांची सोय लावायची. हिंदुस्थानी बोलणारी ही पोरं रेल्वेतून इकडून तिकडे फिरत श्रावणात बारामतीला येऊन पोचली. त्यांना पुण्याच्या अनाथाश्रमात धाडायचं जवळजवळ ठरलं होतं. पण आमचे डॉक्टर अडून बसले. म्हणाले, "यांची हाडं शाबूत आहेत, धसका मनाला बसलाय. त्याला औषध एकच, नांदतं घर. आई, बाप, भांडायला भावंडं, सगळं!"

अध्यक्ष होते रावसाहेब. मोठे शिस्तीचे गृहस्थ. ते म्हणाले, "ठीक. गुढीपाडव्यापर्यंत बघू. जे मूल घरात रुळणार नाही ते आश्रमात."

मी शाळामास्तर. माझ्याकडे सायकल होती, एवढ्या गुणावर मला चिटणीस केलं. घरोघर जाऊन मुलांची खबर आणायची, हे माझं काम.

*

डॉक्टरांना सवय चिठ्ठी लिहायची. मनाचा आजार असला म्हणून काय झालं, चिठ्ठी ती चिठ्ठीच! बारामतीच्या पेठेतल्या कापडवाल्या शेटजींकडे एक मुलगी दिली होती. तिच्यासाठी डॉक्टरांनी लिहिलं, "दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर, पाव तास मुलीबरोबर हसावे."

आता शेटजींना हसताना उभ्या पेठेनं पाहिलं नव्हतं. पण माणूस पथ्याचा पक्का. जेवण झालं की दुकानाच्या फळ्या लावायचे, खिशातलं घड्याळ समोर ठेवायचे आणि मांडी घालून हसायला बसायचे. हा, हा, हा. थोडं थांबून पुन्हा हा, हा, हा. पोरगी चार दिवस टकामका बघत राहिली. पाचव्या दिवशी तिला असं हसू फुटलं, की ठसका लागून पाणी पाजावं लागलं!

महिन्याभरानं शेटजी स्वतः दवाखान्यात आले. हळूच म्हणाले, "डॉक्टर, पोरगी बरी झाली. पण माझा डोस एवढ्यात बंद करू नका."

*

बावडा गावी आबा म्हणून एक शेतकरी, त्यांच्याकडे मोतीराम नावाचा मुलगा होता. इंदापूरपर्यंत मोटार, सायकल टपावर, आणि पुढे मी सायकलवर, असा तिथला प्रवास. हा मोतीराम भाकरी लपवायचा. उशीखाली, कणगीत, बैलाच्या झुलीतसुद्धा चतकोर सापडायची. उद्या मिळेल की नाही, याची धास्ती. डॉक्टरांनी बजावलं होतं, रागवायचं नाही.

आबा रागावले नाहीत. त्यांनी त्याच्याहून भारी उपाय काढला. पोराला एकटं वाटू नये म्हणून तेही त्याच्या देखत भाकरी लपवायला लागले. थेट आपल्या पटक्यात!

पुढे मामलेदार गावात आले. चावडीवर सगळी मंडळी जमली. आबांनी वाकून रामराम घातला, आणि पटक्यातून दीड भाकरी साहेबांच्या बुटावर पडली. पाठोपाठ कांदा.

मामलेदार दचकून दोन पावलं मागं सरले. आबा भाकरी झटकत शांतपणे म्हणाले, "भ्यायचं काम न्हाय साहेब. डाक्टरचं औशद हाय!"

*

पण खरा जीव माझा गुंतला तो कऱ्हाटी गावात. तिथं तात्या आणि सरूमावशी, त्यांचे दोन दांडगे मुलगे, आणि त्यांच्याकडे दिलेली आठ वर्षांची जमना. जमना छपराखाली जायचीच नाही. क्वेट्ट्यात तिच्या डोळ्यांदेखत घर बसलं होतं. त्यामुळे तिचं खाणं, पिणं, निजणं सगळं अंगणातल्या कडुलिंबाखाली. मग सगळं घरच लिंबाखाली आलं. चूल तेवढी आत राहिली.

तात्यांचं घर धाब्याचं. वर मातीचं जाड माळवद. तात्यांना वाटलं, पोरीला घराची मजबुती दाखवली की काम फत्ते. त्यांनी एके दिवशी दोन्ही मुलांना आणि तालमीतल्या चार गड्यांना माळवदावर चढवलं, स्वतःही चढले, आणि खाली जमनाला हाक मारली, "बघ गं पोरी, कसं हाय आपलं घर!" असं म्हणून सातही जण वर धाडधाड नाचायला लागले.

घर पडलं नाही. पण घमेलंभर माती खालच्या आमटीत पडली, तुळईला हातभर चीर गेली, आणि जमना जी पळाली ती तिसऱ्या मळ्यात सापडली. तिला उसातून बाहेर काढताना तात्या लहान मुलासारखे रडले. मावशींनी मात्र त्यांना दोन दिवस आमटी वाढली नाही.

*

सरूमावशींच्या तोंडाला लगाम नव्हता. उंबऱ्यावर त्यांचा एकच मंत्र चालायचा, "पाय धुतलं का?" न धुता आत शिरलेल्या मुलांना लाटणं बसायचं. जमनाला तेवढं कधी ऐकावं लागलं नाही. ती आत येतच नव्हती.

बाकी बोलणी मात्र भरपूर खायची. एकदा मी गेलो तेव्हा तिनं शेळीला वाटाण्याची उसळ खायला घातली होती, आणि मावशींचा पट्टा सुरू होता. मी घाबरलो. म्हटलं, "मावशी, अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय? घरातल्यासारखं वागवा!"

मावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं वळल्या. "मग काय करतीया मी, मास्तर? घरातल्यालाच बोलते मी. पाव्हन्याला बोलते व्हय?"

मी वहीत लिहिलं, "प्रगती समाधानकारक."

*

जमनाची एक खोड होती. घरातलं कोणी आत जायला लागलं, की ती पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या दाराबाहेरच्या पायरीवर ठेवायची आणि डोळे लावून बसायची. पाणी हललं नाही, म्हणजे जमीन हलत नाही. मगच माणसाला सोडायची.

घरानं तेसुद्धा अंगवळणी पाडून घेतलं! तात्या शेतातून आले की पायरीपाशी उभे राहायचे. जमना मान हलवायची. मग तात्या मोठ्यानं म्हणायचे, "पानी गप हाय. चला!" आणि आत जायचे. शेजारीपाजारी तसंच. गावचा न्हावी तर तेवढ्यासाठी रोज एक चक्कर मारायचा.

हे सगळं गोड होतं, पण पाडवा जवळ आला होता. मी रात्रंदिवस काळजीत. आश्रमाची इमारत दगडी आणि दुमजली! तिथं ही पोरगी काय करणार?

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर, मी आणि रावसाहेब कऱ्हाटीला गेलो. रावसाहेबांच्या हातात आश्रमाचा कागद होता. अंगणातल्या बाजा, अंथरुणं, ताटं त्यांनी पाहिली. लिंबाखालची जमना पाहिली.

"म्हणजे अजून आत जात नाही," ते म्हणाले.

मावशी पदर तोंडाला लावून चहा टाकायला आत गेल्या. रावसाहेब म्हणाले, "बसू आत. चहा घेऊ आणि सही करू."

ते पायरीवर आले, तर समोर तांब्या.

"हे काय?"

तात्यांनी सरळ मनानं सगळं सांगितलं. पाणी, जमीन, सगळं. "आमी आधी पानी बघतो, मगच आत जातो." रावसाहेबांनी तांब्याकडं पाहिलं. मग उघड्या दारातून वर पाहिलं. तुळईची चीर तिथून छान दिसत होती.

"ही कशानं?"

"माळवदावर नाचलो हुतो," तात्या म्हणाले.

रावसाहेबांनी पुढे टाकलेला पाय हळूच मागं घेतला. उपरण्यानं कपाळ पुसलं. "चहा... बाहेरच घेऊ."

जमना उठून उभी राहिली होती. ती त्यांच्याकडं बघत होती, आम्ही आठ महिने तिच्याकडं बघत होतो तसं. मग पायरीपाशी आली, तांब्यात डोकावली आणि अस्सल कऱ्हाटीच्या बोलीत म्हणाली, "भ्याताय कशापायी? आमचं घर हाय. तात्या नाचलं तरी पडलं न्हाय!"

आणि उंबरा ओलांडून आत गेली.

अंगणात कोणी हलेना. तात्यांनी माझा दंड असा धरला होता, की चार दिवस वळ गेला नाही. आतून जमनाचा आवाज आला, "या की! मी हाय हितं!"

आणि पाठोपाठ चुलीपासून मावशी कडाडल्या, "पाय धुतलं का?"