बाहेरच्या दारावरचा दादा

दादा गेल्याचं मला समुद्राकडच्या चिकूच्या वाडीत कळलं. थंडी सरताना मी दर वर्षी तिकडे कामाला जाते, आमच्या तलासरीच्या पाड्यावरून सकाळची जीप धरून. त्या दिवशी तोडलेले चिकू सावलीत पसरले होते आणि मी एकेकाचा चीक पुसत बसले होते. माझ्याकडे फोन नाही, म्हणून फोन वाडीच्या मालकीणबाईंना आला. त्यांना आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो. त्या घरातून चालत आल्या आणि माझ्यासमोर मातीत बसल्या. एरवी त्या अशा खाली बसत नाहीत. “बाय, तुझा भाऊ...” एवढंच म्हणाल्या. मी हातातला चिकू पुसून पुरा केला, हळूच टोपलीत ठेवला. वाऱ्याला खाऱ्या पाण्याचा वास होता. मला रडू आलं नाही. एकच विचार आला... आता रविवारी दारावर कोण उभं राहील?

सकाळी शेजाऱ्याने त्याचं दार वाजवलं होतं. आतून आवाज आला नाही. झोपेतच गेला. आयुष्यभर दुसऱ्याचं दार वाजवणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या दारावर वाजवलेलं त्याला ऐकू आलं नाही, हे मला अजून खरं वाटत नाही.

त्याचं घरातलं नाव लखमा. लहानपणी तो मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकायला गेला आणि मोठा होऊन परत आला तेव्हा लुकास होता. आमच्या घरात हिरवादेव, नारायणदेव, सगळे तसेच राहिले. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ताट वाढलं आणि म्हणाली, “देव बदललास तर बदल. जेवायला इथंच यायचं.” तो आयुष्यभर आला. त्याची बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. आई गेल्यावर ते ताट मी वाढत आले. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि माणसांत बोलणंही जवळजवळ सोडलं. बाजारात मी बोटाने दाखवून भाजी घेते. दादा मला कधी हसला नाही. फक्त म्हणायचा, “बाय, तुझा आवाज चांगला आहे गं, तू उगाच झाकून ठेवतेस.”

मिशनमध्ये पुरुषांचं बंधुमंडळ आहे. चर्चच्या मागे कौलारू हॉल आहे, त्याला दोन दारं, एकामागे एक, मधे छोटीशी खोली. महिन्यातून एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, झाल्यावर तिथं सभा भरते. बाया त्यात नसतात, आणि मी तर त्यांच्या धर्माचीही नाही. तरी मला ते मंडळ पाठ आहे, कारण दादाने एका दुपारी माझ्या ओट्यावर चिंचोके मांडून समजावलं होतं. गोल केला. “हा अध्यक्ष. सगळ्यात वर, सगळ्यात जास्त शिव्या खाणारा. हा उपाध्यक्ष, अध्यक्ष आजारी पडायची वाट बघतो. हा चिटणीस, याला सगळं आठवतं. हा खजिनदार. हा शिस्तप्रमुख, हॉलचं सामान आणि कुणी कुठं बसायचं ते बघतो. हे तीन म्हातारे पंच, भांडण झालं की यांच्याकडे. फादर मधे, पण त्यांना मत नाही, फक्त प्रार्थना. आणि हा आतला दारवाला, मायकल.” मायकल म्हणजे आमचा शिंपी, दादाचा बोर्डिंगपासूनचा मित्र. मग एक चिंचोका त्याने गोलाच्या बाहेर ठेवला, चांगला हातभर लांब. “हा मी.”

कागदावर त्याला बाह्य द्वारपाल म्हणतात. सगळे बाहेरचा दारवाला म्हणायचे. मंडळाची शिडी तिथूनच सुरू होते. नवा माणूस एक वर्ष बाहेर उभा राहतो, पुढच्या वर्षी आतल्या दारावर, मग एकेक पायरी वर. संत जोसेफच्या सणाला नेमणुका होतात. दादाबरोबर शिडी चढायला लागलेले लोक अध्यक्ष होऊन, पंच होऊन, म्हातारे झाले. दादा बाहेरच राहिला, मायकलही आतल्या दारावरून हलला नाही, आणि नवे लोक थेट पुढच्या पायरीवर जायला लागले. दर वर्षी त्याला आत बोलवायचे आणि दर वर्षी तो काहीतरी कारण काढायचा. फादरना म्हणाला, गुडघे दुखतात. मायकलला म्हणाला, आत पंख्याचा आवाज फार. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, “आतल्याला नुसती टकटक ऐकू येते. बाहेरच्याला येणाऱ्याचं तोंड दिसतं.”

ते खरंच होतं. सभेच्या वेळी कुणी ना कुणी दारावर यायचंच. कुणाचा नवरा कासा गावच्या दवाखान्यात ठेवलेला, कुणाच्या घरी मयत. आलेला माणूस घाबरलेला असायचा, हॉलमध्ये एवढे पुरुष बसलेले. दादा त्याला आधी बाकावर बसवायचा, माठातलं पाणी द्यायचा, काय झालं ते नीट ऐकून घ्यायचा. मग ऐनाच्या लाकडाची आपली काठी उचलून दारावर तीनदा वाजवायचा. आतून मायकलचा आवाज, “बाहेर कोण?” कधी घाईत नुसतंच, “बोल लुकास.” दादा सांगायचा, “बंधू लुकास, दारावर. एका बाईला मदत हवी आहे.” तेवढं बोलणं झाल्यावर दार उघडायचं. मी बाजार उरकून भाकरी घेऊन यायचे आणि बाकाच्या टोकाला बसायचे. चैत्राच्या आसपास तिथं मोहाची फुलं टपटप गळायची, दाराआडून सभेचं बोलणं यायचं, शब्द कळायचे नाहीत, लांब मधमाश्या गुणगुणाव्यात तसं... त्या बाकावर मला कितीदा बसल्या बसल्या झोप लागली आहे. उठले की दादा तसाच उभा. माझ्या अंगावर त्याची सावली.

एकदा अध्यक्षच उशिरा आले. बेंजामिन मास्तर तेव्हाही अध्यक्ष होते, आता परत तेच आहेत. त्यांची मोटारसायकल वाटेत बंद पडली होती. उपाध्यक्षांनी सभा सुरू केली होती, आत प्रार्थना चालू होती, आणि प्रार्थना चालू असताना दार वाजवायचं नाही असा नियम. मास्तर सरळ दाराकडे निघाले तर दादाने काठी आडवी धरली.

“अरे लुकास, मी अध्यक्ष आहे!”

“अध्यक्ष आत खुर्चीवर असतो, मास्तर. बाहेर उभा असेल तो नुसता बंधू. बसा.”

“नियम मीच वाचून दाखवला होता ना तुला?”

“म्हणून तर पाठ आहे.”

मास्तर हसत हसत माझ्या शेजारी येऊन बसले. मी मान वर केली नाही, पण भाकरीचा अर्धा तुकडा त्यांच्या पुढे केला. आत त्या दिवशी कुणाला किती प्रार्थना सुचत होत्या कोण जाणे, मास्तरांनी भाकरी संपवली, वर दोन गुळाचे खडे खाल्ले. मग म्हणाले, “लुकास, इथं बाहेर बरं आहे की रे.” दादा म्हणाला, “हळू बोला. उद्या सगळे इकडेच येतील.”

माझ्या घरीही त्याची तीच सवय. दार सताड उघडं असायचं, मी समोर चुलीपाशी दिसायचे, तरी तो चौकटीवर तीनदा टकटक करून बाहेर थांबायचा. मी म्हणायचे, “उघडंच आहे, ये ना.” तर म्हणायचा, “विचार आधी.” मला मोठ्याने विचारावं लागायचं, “कोण?” मग तो आपलं नाव सांगून आत यायचा. मला राग यायचा, हसूही यायचं. बाहेरच्या माणसाला कोण म्हणून विचारण्याइतका माझा आवाज उरला तो या खेळामुळे.

मातीला वहिनी आल्या होत्या, पाड्यावरचे सगळे होते. क्रूस रोवला. मी घरी येऊन आमच्या पद्धतीने त्याच्या नावाने तांदळाचे चार दाणे ठेवले. वाटलं, दोन्हीकडून पोचेल. पण एक गोष्ट राहिली होती. मंडळात रीत आहे. पद सांभाळता सांभाळता बंधू गेला, तर महिन्याच्या मिस्सानंतर त्याच्या घरच्या माणसाने त्याच्या पदाची खूण सभेत परत न्यायची. दार वाजवायचं, आतल्याने विचारल्यावर उत्तर द्यायचं. तोवर तो मोकळा झाला असं धरत नाहीत. तोवर तो कामावरच. दादाची काठी माझ्याकडे आणून दिली होती. मी ती घरात घेऊ शकले नाही. विचारल्याशिवाय तो कधी आत आला नव्हता, आणि आता विचारलं तर सांगणार कोण? काठी दाराबाहेर कुडाच्या भिंतीला टेकून उभी असायची. दुपारी ऊन फिरलं की मी तिला सावलीत सरकवायचे. संध्याकाळी अंगणात उजेड पिवळा होऊन जायचा तेव्हा मला नक्की वाटायचं की तो तिथंच उभा आहे, पाय दुखत आहेत, आणि सांगत नाही.

एक दिवस तिघं जण अंगणात आले. मास्तर, मायकल आणि चिटणीस. मी पाणी दिलं आणि खांबाआड उभी राहिले. चिटणीस वाईट माणूस नाही, पण त्याला सगळं नीट हवं असतं.

“घरचं माणूस म्हणजे आपल्यातलं माणूस, असंच आजवर होत आलंय. ही तर मिस्सालाही येत नाही.”

मायकल म्हणाला, “लुकास एवढी वर्षं जेवला कुणाच्या घरी? तुझ्या?”

“ते मी नाकारत नाही. पण दारावर बोलावं लागतं, मायकल. मी हिला आजवर बोलताना ऐकलेलं नाही. ऐन वेळी गप्प राहिली तर दार उघडायचं कसं? काठी तूच घेऊन जा ना.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. “बाय, तू सांग. नेशील?”

मी मान हलवली. हो अशी. तोंडातून शब्द आला नाही, आणि चिटणिसाने ते पाहिलं. त्यात त्याचं काय चुकलं? मलाही तीच भीती होती. मी गप्प राहिले तर दादा बाहेरच राहणार.

मायकलने मला वाक्य शिकवलं. “बंधू लुकास यांची काठी घेऊन आले आहे. त्यांना दारावरून मोकळं करावं.” मी ते वाडीत चिकूच्या झाडांना म्हणून दाखवलं, शेळ्यांना म्हणून दाखवलं. एका शेळीने वळून बघितलं तर मी मधेच थांबले.

तो रविवार मला पाण्यातून दिसल्यासारखा आठवतो. मोहाची फुलं पडलेली, बाक, माठ, दार लावलेलं. काठी हातात घेतली तर मधे जिथं तो धरायचा तिथं लाकूड गुळगुळीत, थोडं खोलगट. माझा हात बरोबर तिथं बसला. मी तीनदा वाजवलं. मग मायकलचा आवाज आला, नेहमीचा, सहज, “बोल लुकास.”

एवढ्या वर्षांची सवय. तीन ठोके पडले की दाराबाहेर लुकास. त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर आतलं सगळं थिजलं हे मला बाहेरून कळलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. माझं पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं कळेना. दाराच्या फळीवर एक मुंगी वर चढत होती, मी तिच्याकडे बघत राहिले. आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला, घरात चुलीपाशी असते तसा, मोठा.

“लुकास नाही. मी त्याची बहीण. तो दमलाय, त्याला आत घ्या.”

आतलं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग बाहेरचं उघडलं. मायकलने काठी घेतली नाही, आधी माझे हात धरले. हॉलमध्ये सगळे उभे होते. चिटणीस पुढे आला आणि त्याने अध्यक्षाची खुर्ची माझ्यासमोर ओढली. काठी त्या खुर्चीवर ठेवायची असते, त्या एका सभेपुरती, मग ती कोणत्याही पदाची का असेना. आणि गेलेल्याच्या जागी अध्यक्षाने स्वतः उभं राहायचं असतं. घरच्या माणसाने तिथं दोन शब्द बोलावेत असंही आहे. ते मला जमलं नाही. तेच इथं लिहून ठेवते आहे.

मी बाहेर येऊन बाकाच्या टोकाला बसले. मास्तर माझ्या मागून आले, दार ओढून घेतलं आणि दादाच्या जागेवर उभे राहिले. त्यांचं वय झालं आहे. थोड्या वेळाने म्हणाले, “बाय, भाकरी आणलीस का गं?” मी आणली होती. दोघांपुरती बांधायची सवय गेली नव्हती. आत सभा सुरू झाली, शब्द न कळणारी, ती जुनी गुणगुण... पण आता त्यात तोही होता, वरच्या खुर्चीवर, पंख्याखाली, बसलेला.

घरी कुडाजवळची जागा आता मोकळी आहे. संध्याकाळी दार लोटताना मी अजून थांबते. अंगणात कुणी नसतं हे मला माहीत असतं. तरी सवयीने विचारते, “कोण?” मोठ्याने विचारते, शेजारच्या घरात ऐकू जातं. उत्तर येत नाही, आणि मला बरं वाटतं. आत बसलेल्या माणसाला कोण म्हणून कोणी विचारत नाही.